ढब्बू जेवत नाही

तेराव्याला आलेले पाहुणे परतून तीन दिवस झाले होते, आणि तेव्हापासून ढब्बूने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. सुतार घरभर येरझाऱ्या घालत होता. बायको गेल्यावर घरात एवढं एक कुत्रंच तर उरलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं तसं त्याने कांदा, लसूण, मीठ काही न घालता कोंबडी उकडली, भात मऊ शिजवला, वर भोपळा किसून घातला. ढब्बू वास घ्यायचा, सुताराच्या तोंडाकडे बघायचा आणि पुन्हा पायांवर मान टाकायचा. डॉक्टर म्हणाले, "आजार काही दिसत नाही. पण उद्याही खाल्लं नाही, तर सलाईन लावावं लागेल."

शेवटी त्याने मेव्हणीला फोन लावला.

"ती याला काय घालायची गं? मी आपला जेवलो की कामावर पळायचो, कधी बघितलंच नाही."

"खाण्याला काय धाड भरलीय, भाऊजी! वाढता कधी ते सांगा."

"सकाळी उठल्या उठल्या. उपाशी आहे ना तो."

"मग कसा खाईल? पिल्लू होता तेव्हापासून ताईने त्याला शिस्त लावलीय. तुम्ही जेवून हात धुतल्याशिवाय त्याने बशीला शिवायचं नाही. पुढ्यात मटण ठेवलं तरी तुमची वाट बघत बसतो तो!"



सुताराने फोन ठेवला आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच स्वतःसाठी ताट घेतलं.