नव्या वकिलाचं नाव

"सई करून द्या, वकीलसाहेब. आता दुसऱ्याले देतो मी केस."

बेबीताईंनी नवं वकीलपत्र मोरोपंतांच्या टेबलावर ठेवलं. वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची 'ना हरकत' लागते. तेवढ्यासाठी त्या नांदगाव खंडेश्वरहून सकाळच्या एसटीने अमरावतीला आल्या होत्या.

मोरोपंतांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते हायसं. सत्तरी उलटली होती, गुडघे बोलू लागले होते. एकदा आमदार झाले, दोनदा सपाटून पडले. वकिली रखडत चालली होती. लिहिलेल्या एका कादंबरीने तेवढं नाव दिलं. गेल्या महिन्यात अकोल्याला सत्कार झाला, त्याची शाल अजून खुर्चीच्या पाठीवर तशीच होती.

बेबीताईंचा दावा साधाच होता, वडिलांच्या वावरात भावांएवढा हिस्सा. त्याला पंधरा वर्षं झाली. भाऊ तारखा मागायचे हे खरं, पण निम्म्या तारखा मोरोपंतांनीच मागितल्या होत्या. आधी अधिवेशन, मग प्रचार, मग कादंबरीची शेवटची प्रकरणं. बाई दर तारखेला यायच्या, कोर्टातल्या कडुनिंबाखाली डबा खायच्या आणि परत जायच्या. कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. मोरोपंतांना त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

त्यांनी चष्मा चढवला, 'ना हरकत' लिहिलं आणि सही ठोकली. सुटलो बुवा एकदाचा! मग दिसलं, नव्या वकिलाच्या नावाची जागा रिकामीच आहे.

"नाव कोणाचं टाकू?"

"थेच तं तुमाले इचाराचं हाये."

बेबीताईंनी डब्याच्या पिशवीतून एक पुस्तक काढलं. मोरोपंतांचीच कादंबरी. मधे खुणेला एसटीचं तिकीट होतं.

"आमच्या प्रणालीनं वाचून दाखवली. नात हाये माही. याच्यातली बाई मीच आहो, वळखलं मी. पन तिचा वकील कोन हाये? त्याची बायको दवाखान्यात असते, तरी तो तारीख मांगत नाई. तिले वावरही तोच मिळवून देते."

मोरोपंतांना मान वर करवेना. पंधरा वर्षं ही बाई झाडाखाली बसून होती आणि आपण तिची गोष्ट लिहीत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

बेबीताईंनी पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"जित्ता असन तो, तं लिवा त्याचं नाव."