कृष्णाबाईंचा उखाणा

ध्रुवाजवळच्या हिमकड्यांपाशी छोटी नौका थांबली. अनुवादयंत्र पाण्यात सोडत नात मैथिली म्हणाली, "आजी, ही देवमाशीण आजोबांच्या नावालाच ओ देते. इतकी वर्षं त्यांच्याशी बोलत होती. ते गेल्याचं तिला तूच सांग."

कृष्णाबाईंनी पतीचे नाव कधी सरळ उच्चारले नव्हते. संकोचून त्यांनी उखाणा घेतला, "हिमकड्यांवर पसरले कोवळे ऊन, त्रिविक्रमरावांची वार्ता आणली दुरून."

पाणी दुभंगले. विशाल मस्तक नौकेला हलकेच टेकले आणि यंत्रातून शब्द उमटले, "तू कृष्णा ना? तुझे नाव तो फार प्रेमाने घेत असे."

"घरी तर नुसतं 'अगं' म्हणायचे," असे पुटपुटत कृष्णाबाईंनी त्या ओल्या मस्तकावर हात ठेवला. मग उखाण्यावाचून, अगदी हळू, त्या म्हणाल्या, "आमचे त्रिविक्रम गेले गं."