दोन नंबरची खोली

"हाय का गो मानूस घरात?"

चाळीस वर्षं झाली, फाटकाबाहेरून आलेली ती हाक कोकिळाला अजून तशीच्या तशी ऐकू येते. केसर कोळीण डोईवर टोपली घेऊन उभी होती. सासूबाई वाडीत नारळ गोळा करायला गेलेल्या, नवरा हरेश्वर अलिबागला. घरात एकटी कोकिळा, लग्नाला जेमतेम चार दिवस झालेले. ती दाराआडूनच म्हणाली, "कुनी न्हाय."

बाहेर केसर खो खो हसत सुटली. "कुनी न्हाय तं मंग बोलतं कोन गो? भिंत?"

पुढं रोज सकाळी ती हाक आली, आणि रोज कोकिळा "हाय गो, हाय" म्हणत पदराला हात पुसत बाहेर आली. घर कधी तिचं झालं ते तिलाही सांगता आलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी एका पाहुण्यानं कुरकुर केली, सकाळी सकाळी ही कसली बोंब? तेव्हा कोकिळाच्या मुलानं, गणराजनं, केसरला हात जोडून सांगितलं, "मावशी, जरा हळू." आता केसर हळूसुद्धा बोलत नाही. मासळीची पिशवी फाटकाला अडकवते आणि जाते. त्याच फाटकावर पाटी आहे. कोकिळा होमस्टे, नागाव. घरगुती जेवण मिळेल.

आज सोमवार. ठाण्याचे पाहुणे निघाले होते. गाडीत बसता बसता त्यांच्यातली बाई परत मागे आली आणि तिनं कोकिळाचे दोन्ही हात धरले.

"काकू, अगदी घरासारखं वाटलं हो. ते वालाचं बिरडं! माझी आई गेल्यापासून असं खाल्लं नव्हतं."

"परत या."

"येणार तर! आणि तुमचं घर कुठंय, काकू? जवळच का?"

कोकिळाचा हात उठला. समोरच्या ओटीकडे निघाला होता, पण मध्येच वळला आणि विहिरीच्या बाजूला गेला.

"हितंच," ती म्हणाली. "मागं."

मागं पंपाची खोली होती. तिथं जादा गाद्या, गॅसचे सिलिंडर, आणि त्यांच्या मधोमध कोकिळाची खाट. पंप चालू झाला की खाट थरथरायची. होमस्टे काढायचं ठरलं तेव्हा गणराज म्हणाला होता, "आई, माणसं येतील-जातील. बाबा गेल्यापासून तू एकटी पडलीस, तुला करमेल." पोरगं काही वाईट बोललं नव्हतं. पनवेलला ये म्हणूनही दर महिन्याला मागे लागायचं. तिनं दोन्हीला मान हलवली. पनवेलला नकाराची, होमस्टेला होकाराची. तिसरं काही विचारलंच नव्हतं कुणी, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

गाडी वळणाआड गेली. कोकिळा चादरी बदलायला दोन नंबरच्या खोलीत शिरली.

चादर काढली, उशा उन्हात टाकल्या. भिंतीवरची तसबीर पुसायला उतरवली. समुद्रावरच्या सूर्यास्ताचा फोटो. समुद्र वाडीच्या टोकाला होता, तरी गणराजनं तो मुंबईहून आणून इथं टांगला होता. कारण फोटोमागे दोन डाग होते. एक वर, एक थोडा खाली. हरेश्वर आणि ती रात्रीची जेवणं झाली की इथंच खाटेवर भिंतीला टेकून बसायची. तो दिवसभराचं सांगायचा, ती ऐकता ऐकता पेंगायची. तीस वर्षांचं खोबरेल त्या भिंतीनं पिऊन घेतलं होतं. रंगाचे तीन हात दिले, तरी पावसाळा आला की डाग पुन्हा वर यायचे. एका पाहुण्यानं तर फोनवर लिहून टाकलं होतं, जेवण उत्तम, फक्त भिंत मळकट.

कोकिळानं हातातली तसबीर जमिनीवर ठेवली. धुतलेली चादर अंथरली, कोपरे खोचले. मग, पाहुण्यांच्या खाटेवर बसायचं नसतं हा स्वतःचाच नियम मोडून ती बसली. पाय वर घेतले. पाठ टेकली. डोकं बरोबर खालच्या डागावर जाऊन टेकलं.

खिडकीतून सुपारीचे शेंडे दिसत होते. विहिरीकडे भारद्वाज घुमत होता. वरचा डाग तिच्या डोक्याशेजारी रिकामा होता.

फोन वाजला.

"आई, पार्टी आलीय. कल्याणची, चार जण. चारपर्यंत पोचतील. दोन नंबर देऊ ना?"

रोजचंच होतं. "दे" म्हणायचं, आणि भात टाकायला उठायचं. तिनं डोकं भिंतीला आणखी टेकलं.

"आई? ऐकू येतंय ना? दोन नंबर..."

"ती भरलीय."

"भरलीय? मी तर कुणाला दिली नाही." गणराजचा आवाज चढला. "तू परस्पर कुणाला ठेवलंस? नाव-गाव, आधार कार्ड काही घेतलंस का? आई, कोण आहे घरात?"

कोकिळानं डोळे मिटले. फाटकाबाहेर टोपली डोईवर घेऊन कुणीतरी उभं होतं, आणि उत्तराची वाट बघत होतं.

"मानूस हाय रे," ती म्हणाली. "मी हाय घरात."