बसलेली बाई

कल्याणनं पेपरचं एक पान भिंतीला चिकटवलं आणि मागं सरकून पाहिलं.

"एवढं बास?"

"शेजारी अजून एक लावा," त्याची बायको सुकन्या म्हणाली. ती मोबाईलवर चित्रं बघत होती.

नागापूरच्या कारखान्यात कायम झाल्यावर कल्याणनं जवळच दोन खोल्या बांधल्या होत्या. रंग परवाच वाळला होता. पुढच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीवर कुणीतरी हातानं काढलेलं एक चित्र ऑनलाइन मागवायचं, एवढं दोघांचं ठरलं होतं. कोणतं, ते ठरत नव्हतं. कल्याणला सात घोडे हवे होते. त्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये तसे होते. सुकन्याला तळ्यातली कमळं आवडली होती. आजचा तिसरा दिवस होता.

"आत्या, आता तुमीच सांगा," सुकन्या सासूला म्हणाली.

कडूबाई खाली बसून तांदूळ निवडत होती. "मला काय कळतंय त्यातलं? तुमाला आवडंल ते घ्या."

"रोज तुमाला बी बघायचंय ना."

कडूबाईचा हात ताटातच थांबला. नवऱ्याबरोबर ऊसतोडीचे बावीस हंगाम तिनं उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत काढले होते. कोपीला खिळा ठोकायला भिंत नसते. तिनं पदराला हात पुसले आणि मोबाईल घेतला. तिच्या अंगठ्याला इतके घट्टे होते, की चित्रं जागची हलेनात. मग सुकन्याच शेजारी बसून एकेक सरकवू लागली.

एक बैलगाडी आली.

"ही बघ आई, आपल्याकडचीच वाटती," कल्याण म्हणाला.

"नको. तिच्यात मोळ्या भरल्यात."

डोंगर गेले, मोर गेला, एक होडी गेली.

"थांब," कडूबाई म्हणाली.

खिडकीपाशी खुर्चीत एक बाई बसली होती. अंगावर पिवळं लुगडं, गुडघ्यांपर्यंत आलेलं ऊन.

"ही काय करती?"

"काय न्हाई. बसलीया."

"हातात काय हाय बघ."

सुकन्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. बाईचे हात मांडीवर होते. "काहीच न्हाई."

"खाली बघ. घमेलं, लेकरू?"

"न्हाई आत्या."

"वाट बघती का कुनाची?"

सुकन्यानं बाईचा चेहरा जवळ आणला आणि नीट पाहिला. "तसं वाटत न्हाई. मजेत हाय."

"मग हीच घ्या."

कल्याण हातातल्या चिकटपट्टीकडं बघत राहिला. "आई, ओळख ना पाळख. आलेली मानसं विचारतील, ही कोन म्हनून."

"सांगू की. घरातली हाय."

सुकन्या हसली. दारातल्या खुर्चीवर कल्याणचा बाप, सूर्यभान, बसला होता. त्यानं मान वळवून मोबाईलकडं पाहिलं. कडूबाई उठून भिंतीशी गेली. तिथं लावलेली दोन पानं तिनं हातानं मापली.

"एवढ्यात ती अवघडंल," ती म्हणाली. "अजून एक लाव."

कल्याणनं तिसरं पान लावलं. मग मोबाईल घेऊन त्यानंच ते चित्र मागवलं, सगळ्यांत मोठ्या मापाचं.

आठव्या दिवशी खोकं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणनं खिळा ठोकून चित्र टांगलं, दोनदा सरळ केलं आणि ड्युटीवर गेला. सुकन्या बाजाराला गेली. घरात कोणी उरलं नाही, तशी कडूबाईनं दारातली खुर्ची उचलून आत आणली, चित्रासमोर ठेवली आणि बसली. बाईचं पिवळं लुगडं मोबाईलात दिसलं होतं त्याहून गडद होतं. पायात जोडवी होती. ती मोबाईलात दिसलीच नव्हती.

सूर्यभान बाहेरून आला. चपला काढता काढता नेहमीसारखा म्हणाला, "च्या टाक जरा."

मग त्यानं वर पाहिलं. आधी भिंतीवरच्या बाईकडं, मग खुर्चीतल्या. कडूबाईनं उठण्यासाठी गुडघ्यांवर हात टेकले होते.

"बस," तो म्हणाला आणि आत गेला.

आत गॅस पेटला. एक पातेलं पडलं, ते त्यानं उचललं. मग डब्यांची झाकणं एकामागून एक उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज येत राहिला.

"अगं, साखर कुठंय?"

साखर वरच्या फळीवर होती, चहापत्तीच्या मागं.

"हुडका," कडूबाई म्हणाली आणि खुर्चीत मागं टेकली.