पश्चिमेची भिंत

भरदुपारी लाइट गेली आणि मंदाचा नवाकोरा एसी बंद पडला. सासूबाईंनी चटई उचलली.

“कुठं निघाल्या?”

“तायडेबाईच्या मांडवाखाली. तुही मशीन लाइट असली का हाडात घुसते, नसली का जीव घेते वं.”

मंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. अकोल्याचा उन्हाळा दरसाल वाढतच चाललाय म्हणून तिनं सोन्याच्या बांगड्या मोडून एसी घेतला. शेजारच्या तायडेबाईनं मात्र मूठभर बिया टोकून, आंघोळीच्या सांडपाण्यावर दोडक्याचा वेल मांडवभर चढवला, आणि आता आळीतल्या साऱ्या बायका तिच्याच दारात बसतात. त्यात मेली वर दोडक्याची भाजीही पाठवते!

वेलाचे काही शेंडे कुंपण ओलांडून मंदाच्या पश्चिमेच्या भिंतीवर चढले होते. कात्री घेऊन ती तरातरा मागे गेली. शेंडे धरायला हात घातला, तर पानांखालची भिंत गार लागली. वीतभर पलीकडे हात टेकला, तर तव्यासारखा चटका बसला.

ती जरा घुटमळली. मग जुन्या परकराची नाडी आणून तिनं ते शेंडे आपल्याच खिडकीच्या गजाला बांधले आणि पलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली, “अहो तायडेबाई, तुमचा वेल आवरा! आमच्या भिंतीवर माजलाय नुसता!”

“कापून टाका ना, वहिनी. खुशाल कापा!”

मंदानं नाडीला आणखी एक गाठ मारली.