तांबडं अंडं

"हे अंडं आत्ता माझ्या मुठीत तांबडं झालं, तर तुझं खरं मानीन, पोरी."

चर्चचं सगळं पाहणाऱ्या अनंत मास्तरांचा हा आवाज शालूच्या कानात फ्रॉकच्या वयापासून मुक्कामाला होता. ईस्टरच्या पहाटे तिचा भाऊ भैरू चर्चच्या मनोऱ्यावरून पडून गेला. मास्तरांनी जमलेल्यांना सांगितलं, कार्टं कबुतराची अंडी काढायला चढलं होतं. शालू म्हणाली, नाही. तेव्हा मास्तरांनी मुलांना वाटायच्या अंड्यांतलं एक पांढरं उचललं आणि हसून ते वाक्य टाकलं. पुढचं तिच्या ओठांवर आलेलं, पण वरून आईचा तळहात येऊन बसला. आवाराची झाडलोट आईकडे होती, डोक्यावरचं छप्पर चर्चचं होतं. आई या माघात गेली, तेव्हा कुठे तो तळहात निघाला.

यंदाची अंडी धायरीहून कुणी बाई आणणार आहे, एवढंच मास्तरांच्या कानावर होतं. शालूने रात्री धायरीच्या आपल्या घरी अंडी रंगवायला पातेलंभर कांद्याची टरफलं उकळली. पाणी आधी विटेसारखं झालं, मग वाळल्या जखमेसारखं. तरी ती ढवळत राहिली.

सकाळची उपासना आटोपली होती. लिंबाखाली खुर्ची टाकून मास्तर मुलांना गोष्ट सांगत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. आवाज तेवढा जुनाच. येशूची शिष्या मरीया मग्दालीया बादशहापुढे गेली, म्हणाली, प्रभू मेलेल्यांतून उठला. बादशहाने ताटातलं अंडं उचललं, म्हणाला, हे तांबडं होईल तेव्हा मेलेला उठेल. आणि झालं की तांबडं. तेव्हापासून आपण अंडी रंगवतो. मग गोष्टीला दरवर्षीचं शेपूट आलं. अंडी वाटून खायची असतात, चोरायची नसतात. आपल्याकडे भैरू म्हणून एक मुलगा होता.

शालूने टोपलीतलं एक अंडं त्यांच्या हातावर ठेवलं.

"छान. कोणत्या रंगाचं आणलंत, बाई?"

तिने मुलांकडे पाहून 'तुम्ही सांगा' अशी मान हलवली.

"तांबडं," मुलं एका सुरात म्हणाली.

मास्तरांची बोटं अंड्याभोवती थबकली. बाजूला गप्पा मारणाऱ्या आयाबाया वळून पाहू लागल्या.

"कोण तुम्ही?"

"भैरूची बहीण."

मास्तरांनी अंडं टोपलीत टाकायला हात पुढे केला. शालूने तो वाटेतच धरला, मूठ मिटवली आणि आपला तळहात वर दाबून ठेवला. आईने तिच्या तोंडावर ठेवला होता तसा.

"तू लहान होतीस तेव्हा," मास्तर पुटपुटले.

"लहान होते मास्तर, बहिरी नव्हते."

मुठीत टरफल चुरल्याचा बारीक आवाज झाला. शालूने हात काढला नाही. मुलांना नीट ऐकू जाईल अशा बेताने, गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली,

"घंटेचा दोर वर अडकला होता. मनोऱ्यातली फळी कुजलीय, हे तुम्हाला ठाऊक होतं. 'चढ रे भैरू, तुझ्याइतका हलका कुणी नाही', असं तुम्ही म्हणालात."