म्हशीची शिकवणी

वाहेदनं तोंडावरची वेल्डिंगची काच बाजूला केली आणि कपाळाला हात लावला. बकेटच्या दातावरचा नवा थर धिरड्यासारखा भोकाभोकांचा झाला होता.

झिजलेल्या दातांवर हा कडक थर चढला नाही, तर उद्या त्याचा जेसीबी मुरमापुढं बोळका ठरणार होता. तेलगावच्या वर्कशॉपात रांग, म्हणून त्यानं घरचंच वेल्डिंग मशीन अंगणात काढलेलं. शेततळं खोदून घेणारे विठ्ठलराव तर स्वच्छ बोलून गेले होते, "सकाळी जेसीबी दिसला न्हाई, तर मी पंडितला सांगतो बगा."

पंडित म्हणजे फटी पडलेल्या पत्र्याच्या कुंपणापलीकडचा शेजारी, आणि एकेकाळचा भागीदार. दोघांनी मिळून पहिला जेसीबी घेतला. काचेवर आधी नाव कुणाचं, वाहेदचं की पंडितचं, यावरून तो विकला, आपापला वेगळा घेतला, कुंपण घातलं, बोलणं टाकलं. तेव्हापासून वाहेदनं पलीकडं डोळा वर करून पाहिलं नव्हतं. वेल्डिंगमध्ये पंडितचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पण त्याला विचारण्यापेक्षा वाहेदनं नखांनी मुरूम उकरला असता.

पलीकडं पंडित म्हशीवर खेकसला, "ओलं खाल्ल्यावर पोटात वारा धरणारच की! आदी तापव, कोरडं कर, मग घाल तोंडात!"

चारा कुणी तापवतं का? वाहेदला हसू फुटलं. हसता हसता नजर वेल्डिंगच्या रॉडच्या पुड्यावर गेली. पुडा पावसाळाभर न्हाणीघराशेजारी पडून होता. रॉडच सादळलेले! त्यानं ते चुलीवर तव्यात चांगले कडकडीत तापवले. भोकं गायब झाली.

पण आता थर पापुद्र्यासारखा निघून आला.

"जुनं शेण अंगावर ठिवून वरून पाणी वतल्यावर काय उपेग, लई शानी! खरवड आदी!" पंडित म्हशीवर पुन्हा ओरडला.

वाहेदनं गुपचूप ग्राइंडर घेऊन जुना थर, गंज, सगळं खरवडलं. नवा थर घट्ट बसला. दुश्मनाच्या गोठ्यातून फुकट अक्कल मिळत होती, आणि त्या येड्याला पत्ताही नव्हता! वाहेदला इतका आनंद झाला की तो शीळ घालू लागला.

संध्याकाळी थर गार होताना टिकटिक वाजला आणि त्यावर बारीक आडव्या भेगा उमटल्या. पुन्हा थर द्यायला रॉड उरले नव्हते. तरी वाहेदनं खरवडायला ग्राइंडर उचलला.

"ए, ठेव!" पलीकडून आवाज फुटला. "खुराला बारीक भेगा पडायच्याच. त्यानं काय मरत न्हाईस! हात लावू नको!"

वाहेदनं ग्राइंडर खाली ठेवला. हातोड्यानं ठोकून पाहिलं. थर जागचा हलला नाही.

कॉलर ताठ करत तो घरात शिरला. "मदिना, उद्याचं काम आपलंच! पंडित बसला म्हशीला शिकवत, आन्‌ सगळं शिकलो मी!"

बायकोचा भाकरी थापणारा हात थांबला.

"कोणती म्हैस, अहो? ती तर त्यांनी पोळ्याच्या आदीच विकली."